कॉर्नफ्लेक्सवाल्या डॉक्टरांना साखरेचा राग होता, त्यांच्या सख्ख्या भावानं नेमकी साखरच घातली

सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, दिवसभरात सगळ्यात महत्त्वाचं खाणं तेच. घरात आई हे सांगते, शाळेत बाई सांगतात, जिमवाला ट्रेनर सांगतो आणि आता रील्सवरचे इन्फ्लुएन्सरही सांगतात.

पण हे डोक्यात घातलं कुणी?

याचं उत्तर शोधत मागं गेलं की आपण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक नावाच्या छोट्या गावात पोचतो. तिथं 1917 साली ‘गुड हेल्थ’ नावाच्या मासिकात लेना कूपर या आहारतज्ज्ञ बाईंनी नाश्ता हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं जेवण असल्याचं लिहिलं. हा विचार पसरला त्यात या लेखाचा उल्लेख हमखास होतो. आता गंमत बघा. या मासिकाचे संपादक होते डॉक्टर जॉन हार्वे केलॉग. म्हणजे सुपरमार्केटमध्ये कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर जे आडनाव दिसतं, तेच.

पण खोक्यावरची सही या डॉक्टरांची नव्हती. ती होती त्यांच्या धाकट्या भावाची. आणि त्या सहीवरून दोन सख्खे भाऊ दहा वर्षं कोर्टात भांडले.

तर स्टोरी पहिल्यापासून सांगतो.

जॉन हार्वे केलॉग यांचा जन्म 26 फेब्रुवारी 1852 चा. वडिलांचा झाडू बनवायचा छोटा कारखाना होता. घर पोरांनी भरलेलं आणि सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाला मानणारं. येशू आता कधीही परत येणार, अशी या पंथाची श्रद्धा. जग संपायलाच आलंय तर पोरांना शिकवून काय करायचं, असा घरच्यांचा हिशोब. त्यामुळं जॉन यांची शाळा जेमतेम झाली आणि दहाव्या वर्षापासून ते कारखान्यात झाडू बांधायला लागले.

बाराव्या वर्षी ते पंथाच्या छापखान्यात लागले. तिथं खिळे जुळवता जुळवता आरोग्यावरचे लेख वाचून होत. मांस खाऊ नका, दारू-तंबाखू सोडा, चहा-कॉफीला हात लावू नका, साधं धान्य, फळं आणि पाणी घ्या, अशी या पंथाची शिकवण होती. पोराला हे पटलं आणि ते आयुष्यभर टिकलं.

पंथाचे पुढारी जेम्स आणि एलेन व्हाइट यांनी पोरगा हुशार आहे हे हेरलं आणि पैसे घालून त्याला डॉक्टर व्हायला पाठवलं. 1875 साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटल मेडिकल कॉलेजातून जॉन डॉक्टर झाले.

न्यूयॉर्कमध्ये ते भाड्याच्या खोलीत राहायचे. ज्यांनी पुण्यात कॉट बेसिसवर राहून अभ्यास केलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. खोलीत स्वयंपाकाची सोय नाही, हातात वेळ नाही, खिशात पैसे नाहीत. डॉक्टरांची न्याहारी म्हणजे कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची ग्रॅहम बिस्किटं आणि सफरचंद. रोज तेच. तेव्हाच त्यांच्या डोक्यात आलं की धान्य आधीच शिजवून, वाळवून तयार मिळालं तर सकाळी नुसतं वाटीत ओतून खाता येईल.

आज हे ऐकून काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळात अमेरिकन माणूस सकाळी काय खायचा ते बघा. खारवलेलं डुकराचं मांस, हॅम, चरबीत तळलेले बटाटे, वरून ग्रेव्ही. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते पचत असेल. पण लोक शहरात येऊन खुर्चीवर बसायला लागले होते आणि ताटातला नाश्ता मात्र शेतातलाच राहिला होता. परिणाम म्हणजे अपचन, गॅस आणि बद्धकोष्ठ. त्या काळचा अमेरिकेचा राष्ट्रीय आजार अपचन, असं म्हणायची पद्धत होती. दुसरा पर्याय गव्हाच्या किंवा ओट्सच्या लापशीचा. पण ती लाकडाच्या चुलीवर शिजवायला बराच वेळ जायचा. त्यासाठी घरातल्या बाईनं अंधारात उठायचं.

डॉक्टरांनी नाश्त्याचा प्रश्न धरला तो इथं. पोटाला हलकं हवं, धान्याचं हवं आणि सकाळी चूल पेटवायला लागू नये.

1876 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जॉन बॅटल क्रीकमधल्या पंथाच्या आरोग्यकेंद्राचे प्रमुख झाले. तेव्हा ते एक साधं घरगुती केंद्र होतं. डॉक्टरांनी त्याचं नाव बदलून ‘सॅनिटेरियम’ केलं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते हॉस्पिटल, हॉटेल आणि स्पा असं सगळं एकत्र करून टाकलं. लोक त्याला लाडानं ‘सॅन’ म्हणायचे. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, राष्ट्राध्यक्ष झालेले विल्यम टाफ्ट, पडद्यावरचा टारझन जॉनी वाइसम्युलर, असे एकेक पाहुणे तिथं येऊन गेले.

तिथं व्हायचं काय? सकाळी व्यायाम, मोकळी हवा, मांसाहार बंद, घास चावून चावून खायचा. इथवर ठीक आहे. पण त्याच्यापुढं विजेच्या दिव्यांच्या पेटीत बसून घाम काढणं, गदागदा हलणाऱ्या खुर्च्या, पोटावर धपाटे मारणारी यंत्रं आणि एनिमा. भरपूर एनिमा. दह्यावर डॉक्टरांचा एवढा विश्वास की अर्धं दही तोंडानं आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं, असा प्रकार होता. हसू येतं, पण आतड्यातले जंतू तब्येत ठरवतात हा त्यांचा मुद्दा आज डॉक्टर लोक गांभीर्यानं अभ्यासतायत.

शिवाय डॉक्टर उत्तम सर्जन होते. हजारो ऑपरेशनं त्यांनी केली. सॅनमधून ते पगार घेत नसत, पुस्तकं आणि पदार्थांच्या कमाईवर घर चालायचं. पत्नी एला ईटन यांच्यासोबत मिळून त्यांनी 42 मुलं सांभाळली, त्यातली काही रीतसर दत्तक घेतली. स्वतःचं मूल एकही नाही.

सॅनच्या किचनमध्ये एला यांचं काम मोठं होतं. रोग्याला महिनोन्‌महिने बेचव खायला घालायचं तर तो पळून जाणार, म्हणून त्या रोज नवनवीन पदार्थ करून बघायच्या. यांच्या माहितीत सहसा त्यांचं नाव गाळलं जातं, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

पहिला प्रयत्न गहू, ओट्स आणि मक्याच्या पिठाची बिस्किटं भाजून त्यांचा भुगा करण्याचा. नाव ठेवलं ‘ग्रॅन्युला’. पण न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्स जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी याच नावाचा पदार्थ आधीच काढला होता. वाद नको म्हणून केलॉग यांनी एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. आज चारशे-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या ग्रॅनोलाच्या पाकिटामागचा इतिहास एवढाच आहे.

मग आलं 1894 साल. गहू उकडून, तो रुळांमधून दाबून त्याची पातळ पोळी करायचा प्रयोग चालला होता. एकदा उकडलेला गहू मध्येच सोडून जावं लागलं. परत आले तोवर गहू बराच वेळ तसाच पडून. फेकायचा कशाला म्हणून रुळांत घातला, तर पोळी आलीच नाही. एकेका दाण्याचा सुटा पापुद्रा बाहेर पडायला लागला. तो भाजला तर कुरकुरीत. झालं असं होतं की पडून राहिल्यामुळं ओल दाण्यात सगळीकडं सारखी मुरली होती.

आपल्याला यात नवल वाटू नये. साळ भिजवून, भट्टीत भाजून, गरम असतानाच चेपली की पोहे होतात, हे आपल्याकडं कितीतरी आधीपासून चालत आलंय. डॉक्टरांनी गव्हाचे पोहेच केले म्हणा ना. फरक इतकाच की त्यांनी 1895 मध्ये पेटंटचा अर्ज टाकला आणि 14 एप्रिल 1896 ला ते मिळवलंही.

हा शोध नेमका कुणाचा यावर मात्र घरात एकमत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे माझा. किचनमध्ये एला होत्या. आणि रुळाशी उभा होता धाकटा भाऊ विल.

विल कीथ केलॉग हे डॉक्टरांपेक्षा आठ वर्षांनी लहान. शिक्षण बेताचं, बोलणं कमी, हिशोब पक्का. 1880 पासून ते भावाच्या हाताखाली सॅनमध्ये कामाला. हुद्दा कागदावर मोठा आणि पगार किरकोळ. हिशोब, पत्रव्यवहार, तक्रारी, पळून गेलेला रोगी शोधणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. एक किस्सा कायम सांगितला जातो. डॉक्टर आवारात सायकलवर चकरा मारायचे आणि विल शेजारून धावत त्यांचं बोलणं वहीत टिपून घ्यायचे. थोरल्या भावाचे बूट पुसण्यापर्यंतची कामं त्यांनी केली. हे एकदोन नाही, वीसेक वर्षं चाललं.

घरी गेलेले रोगी पत्र पाठवून फ्लेक्स मागवू लागले, तेव्हा भावांनी सॅनिटास फूड कंपनी काढली. गव्हानंतर मक्याचे फ्लेक्स जमवण्यात विल यांचा मोठा वाटा होता. हा माल देशभर विकायचा, जाहिरात करायची, असं विल यांचं म्हणणं. डॉक्टर नाही म्हणायचे. डॉक्टरनं जाहिरात करणं बरं दिसत नाही, लोक आपल्याला भोंदू म्हणतील, ही भीती. उलट सॅनमध्ये येणाऱ्या कुणालाही ते हौसेनं किचन दाखवायचे.

त्यात एक पाहुणा होता सी. डब्ल्यू. पोस्ट. 1891 मध्ये आजारी म्हणून आला, सगळं बघून घेतलं आणि त्याच गावात स्वतःची कंपनी काढली. आधी कॉफीऐवजी प्यायचं पोस्टम, मग ग्रेप-नट्स. जाहिराती धडाक्यात आणि पोस्ट काही वर्षांत करोडपती. गावात डझनावारी सीरियल कंपन्या उगवल्या. विल हे सगळं वहीत हिशोब लिहीत बघत होते.

फेब्रुवारी 1902 मध्ये सॅन जळून खाक झालं. डॉक्टर तेव्हा प्रवासातून परतत होते. बातमी कळल्यावर रेल्वेच्या डब्यातच त्यांनी नव्या इमारतीचे आराखडे काढायला सुरुवात केली, असं सांगतात. पुढच्याच वर्षी नवी, आधीपेक्षा मोठी इमारत उभी. माणूस कसा होता ते यावरून कळतं. मात्र मोठेपणावरून पंथाशी त्यांचं बिनसलं आणि 1907 मध्ये ज्या पंथानं शिकवलं त्यानंच त्यांना बाहेर काढलं.

त्याच्या आधी घरात मोठा धमाका झाला होता. विल यांनी मक्याच्या फ्लेक्समध्ये साखर घातली.

डॉक्टरांसाठी हे धर्म बुडवण्यासारखं होतं. साखर, मसाले, मांस यांनी शरीर बिघडतं आणि वासनाही चाळवते, असं त्यांचं ठाम मत. इथं एक गोष्ट क्लिअर करतो, कारण दर दोनेक महिन्यांनी ती व्हायरल होते. कॉर्नफ्लेक्सचा शोध हस्तमैथुन थांबवण्यासाठी लावला, असं मीम फिरतं. डॉक्टर हस्तमैथुनाच्या कट्टर विरोधात होते हे खरं. त्यावर त्यांनी जे लिहिलं आणि मुलांवर जे क्रूर उपाय सुचवले ते वाचून आज अंगावर काटा येतो. मिळमिळीत जेवणानं वासना शांत होते, असंही त्यांना वाटायचं. पण फ्लेक्स बनवले ते अपचनाच्या रोग्यांना सहज पचेल असा तयार नाश्ता म्हणून. मीममधलं अर्धं खरं आहे, पण जोडणी चुकीची आहे.

19 फेब्रुवारी 1906 ला विल यांनी स्वतःची कंपनी काढली. वय पंचेचाळीस. डॉक्टरांनी पगारवाढीऐवजी सॅनच्या डॉक्टरांना कंपनीचे शेअर वाटले होते, ते विल यांनी गुपचूप विकत घेऊन ताबा मिळवला. खोक्यावर स्वतःची सही छापली. न्यूयॉर्कमध्ये बायकांना सांगितलं की बुधवारी किराणा दुकानदाराला डोळा मारा आणि फुकट पाकीट घेऊन जा. 1907 सालची ही जाहिरात आहे. आजच्या एखाद्या व्हायरल कॅम्पेनला ती कमी पडणार नाही.

मग डॉक्टरांनीही आपल्या कंपनीला केलॉग नाव दिलं आणि मॅटर कोर्टात गेला. 1910 पासून खटले, तडजोड, पुन्हा खटले. मुद्दा एकच, केलॉग हे नाव कुणाचं? लोकांना केलॉग म्हटल्यावर डॉक्टर आठवतात की फ्लेक्सचं खोकं? 1920 मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टानं विल यांच्या बाजूनं निकाल दिला. ज्या आडनावाला डॉक्टरांनी ओळख मिळवून दिली, ते धंद्यात धाकट्याचं झालं.

नाश्त्याच्या बाबतीत थोरला बरोबर होता की धाकटा?

कोंड्यासकट धान्य, फळं, कमी मांस, पोट साफ ठेवणारा चोथा, कमी साखर. डॉक्टरांचं हे सगळं आजच्या आहारतज्ज्ञाच्या चार्टमध्ये जसंच्या तसं बसतं. त्यांचे पहिले फ्लेक्स अख्ख्या गव्हाचे होते. मक्याचे फ्लेक्स करताना दाण्याचं साल आणि कोंब काढून टाकतात, त्यामुळं चोथा जवळपास संपतो. वरून साखर आली. म्हणजे नाश्ता झटपट हवा ही डॉक्टरांची अट पाळली गेली आणि ज्यासाठी तो हवा होता तेच निघून गेलं. माझ्या मते या सगळ्या भांडणातली खरी हार ही होती, आडनावाची नाही.

आणि दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं जेवण? 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 13 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. नाश्ता केल्यानं वजन कमी होतं याला त्यात पुरावा सापडला नाही, उलट नाश्ता करणारे दिवसभरात थोडं जास्तच खात होते. म्हणून उद्यापासून उपाशी ऑफिसला जा असं नाही. वाढत्या वयाची पोरं रात्रभराच्या उपवासानंतर रिकाम्या पोटी वर्गात बसली तर लक्ष लागत नाही, हा अनुभव घराघरातला आहे. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता सोडूच नये. नाश्त्याचा फायदा वाटीत काय आहे यावर ठरतो. शेंगदाणे घातलेले पोहे, मोडाची उसळ, नाचणीची आंबील, थालीपीठ-दही हे डॉक्टर केलॉग यांच्या कसोटीला बऱ्यापैकी उतरलं असतं. फोडणीच्या मिरचीवरून मात्र त्यांनी नक्की कटकट केली असती. आणि खोकं घेणार असाल तर पुढचं चित्र सोडून मागची 100 ग्रॅममागं साखर किती ही ओळ वाचा.

केलॉग कंपनी भारतात आली 1994 मध्ये आणि कारखाना टाकला आपल्या पनवेलजवळ तळोज्याला. सुरुवातीला माल चालेना. थंड दूध घालून खायचे फ्लेक्स आपल्या लोकांनी सवयीप्रमाणं गरम दुधात घातले आणि त्यांचा लगदा झाला.

डॉक्टरांची एक बाजू सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट पूर्ण होत नाही. उतारवयात ते वंशसुधारणेच्या नादी लागले. चांगल्या वंशाच्या माणसांनीच मुलं जन्माला घालावीत, बाकीच्यांना रोखावं, असला तो विचार. 1914 पासून त्यांनी बॅटल क्रीकमध्ये यासाठी परिषदा भरवल्या, चांगल्या वंशाच्या लोकांची नोंदवही ठेवायची कल्पना मांडली. स्वतःच्या घरात वेगवेगळ्या वंशांची पोरं वाढवणारा माणूस हे बोलत होता. निरोगी राहा सांगता सांगता कुणाला जगायचा हक्क जास्त, इथवर ते पोचले. याला काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या काळातही विरोध करणारे लोक होते.

1928 मध्ये सॅनला त्यांनी टोलेजंग टॉवर जोडला आणि पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. श्रीमंत पाहुणे आटले, कर्ज अंगावर आलं, 1933 मध्ये सॅन दिवाळखोरीत गेलं. पुढं 1942 मध्ये इमारत लष्कराला विकली आणि तिथं जखमी सैनिकांचं हॉस्पिटल झालं. तिकडं विल यांचे फ्लेक्स मंदीतही खपत होते. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशातून फाउंडेशन काढलं, ते आजही मुलांसाठी काम करतं.

1943 मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, डॉक्टरांनी विल यांना सात पानी पत्र लिहिलं. आपण तुझ्याशी वाईट वागलो हे त्यांनी त्यात कबूल केलं होतं. पण सेक्रेटरीला वाटलं की यात डॉक्टरांचा कमीपणा होतो, म्हणून तिनं ते टाकलंच नाही. 14 डिसेंबर 1943 ला डॉक्टर गेले, वय 91. पत्र विल यांच्याकडं पोचलं ते त्यानंतर. तोवर त्यांची दृष्टी गेलेली होती.

विल 1951 मध्ये वारले, वय तेही 91. पुढच्याच वर्षी कंपनीनं साखरेचा थर दिलेले फ्लेक्स बाजारात आणले. बॅटल क्रीकच्या ओक हिल दफनभूमीत दोघं भाऊ पुरलेले आहेत. किचन बघून गेलेला पोस्टही तिथंच आहे.